अखंड ओळ आणि पदच्छेद

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव नावाचे एक गाव आहे. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. राणीसावरगावची ख्याती त्या मानाने पंचक्रोशीपुरती, आणि तीही मुख्यत्वेकरून तेथील रेणुकादेवीच्या देवळामुळे. या गावाचे नाव कोणी जोडून ‘राणीसावरगाव’ असे लिहितात, कोणी ‘राणी सावरगाव’ असे तोडून लिहितात. दोन्ही तऱ्हा चालू आहेत आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. परंतु हेच नाव एखाद्या जुन्या मोडी फर्दीवर, मागेपुढे मजकुराची दाटी असलेल्या ओळीत आले आणि वाचणारा त्या मुलखास अपरिचित असला, तर त्याचा पदच्छेद तो कसा करील?

एक वाचक ‘राणी सावरगाव’ असे वाचील. सावरगाव नावाची गावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत; तेव्हा एकास दुसऱ्यापासून निराळे ओळखण्यासाठी मागे ‘राणी’ जोडले, हे त्यास सहज पटेल. दुसरा वाचक राजपुतान्याच्या बखरी वाचलेला असला तर त्यास ‘राणीसा’ हा आदरार्थी शब्द परिचित असावयाचा. तो ‘राणीसा वरगाव’ असे तोडील आणि वरगाव नावाचे खेडे नकाशावर शोधीत बसेल. तिसरा कोणी कविहृदयाचा असला तर त्यास येथे चक्क एक विनवणी ऐकू येईल: ‘राणी, सावर गाव!’ अक्षरे तीच, त्यांचा क्रमही तोच. परंतु पहिल्या वाचनात एक गाव आहे, दुसऱ्यात एक बाई आणि एक गाव आहे, आणि तिसऱ्यात गाव संकटात आहे. तिसरे वाचन आम्ही केवळ विनोदासाठी दिले असे वाचकांनी समजू नये. ‘सावर’ हे सावरणे या धातूचे आज्ञार्थी रूप आहे, तसेच ते एका काटेरी झाडाचेही नाव आहे; आणि ओळीत अक्षरांवाचून दुसरे काहीच नसेल, तर यांपैकी कोणतेही वाचन अशुद्ध ठरविण्याचे साधन त्या ओळीच्या पोटात नाही.

अखंड लिहिलेल्या ओळीतून पदे निवडून काढणे हा उद्योग पोथ्या व दप्तरे वाचणाऱ्यांचाच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः आजच्या काळी त्याचा सर्वांत मोठा व्यवहार गणकयंत्रांत चालतो. यंत्रास आज्ञा देण्यासाठी मनुष्य जी भाषा लिहितो तीही यंत्राच्या दृष्टीने अक्षरांची एक अखंड माळच असते. त्या माळेतून ‘टोकन’ म्हणजे पदे तोडून काढण्याचे काम ‘लेक्सर’ नावाच्या भागाकडे असते, आणि जेथे एकाच ठिकाणी दोन नियम लागू पडतात तेथे कोणता चालवावयाचा, हे त्यास अगोदर ठरवून द्यावे लागते. या दोन उद्योगांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला असता आपल्या जुन्या कागदांविषयी काही उपयुक्त गोष्टी दिसतात, असा आमचा अनुभव आहे. त्या या लेखात मांडण्याचा विचार आहे.

प्रथम मोडीविषयी. हेमाद्री पंडिताने ही लिपी प्रचारात आणली असे परंपरा सांगते. त्या परंपरेची छाननी विद्वानांनी पुष्कळ केली आहे. तिच्यात आम्ही शिरत नाही. आपल्या कामापुरती गोष्ट एवढीच की, मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. बाळबोधीत शिरोरेषा शब्दागणिक तुटते आणि त्या तुटण्यानेच शब्द कोठे संपला ते कळते. मोडीत रेषा शब्दाच्या जन्मापूर्वीच आखलेली असल्यामुळे ती शब्दाविषयी काहीच सांगू शकत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, विरामचिन्हे नसतात, आणि कारकुनाच्या घाईने संक्षेप मात्र विपुल असतात. ‘रा’ हे एकच अक्षर मनुष्याच्या नावामागे आले तर ‘राजश्री’ होते आणि गावाच्या नावामागे आले तर ‘राहणार’ होते. आता ‘रा’ नंतर ‘राणीसावरगाव’ आले म्हणजे वाचणाऱ्याची काय गत होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मोडीचे नाव काढले की ‘ध’चा ‘मा’ आठवल्यावाचून राहत नाही. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला, आणि ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले ही कथा तेव्हापासून घरोघर सांगितली जाते. ती दंतकथा आहे, आणि आमच्या विषयाचीही नव्हे. कारण तेथे अक्षरच बदलले असे म्हणतात. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत त्यात एकही अक्षर बदलावे लागत नाही. कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही, शाईही लागत नाही. फक्त तोडण्याची जागा एक-दोन अक्षरे सरकते.

उदाहरणार्थ ही ओळ घ्या. ती आम्हीच रचलेली आहे, कोणत्या दप्तरातील नव्हे: ‘सारादिलानाहीतरजप्तीकरावी’. ‘सारा दिला नाही तर जप्ती करावी’ असे तोडले तर तो एक सशर्त हुकूम झाला; सारा अद्याप यावयाचा आहे. ‘सारा दिला, नाहीतर जप्ती करावी’ असे तोडले तर वाक्य थोडे अडखळते खरे, परंतु सारा दिल्याची कबुली त्यात येऊन बसते. घाईचा वाचक तिची पावती म्हणून नोंद करील. सारा भरला की नाही या एका प्रश्नावर एखाद्या घराण्याचे वतन टिकले किंवा गेले असेल, तर ‘नाही’ आणि ‘तर’ यांमधील अदृश्य जागेची किंमत किती, हे निराळे सांगावयास नको.

हेच संकट यंत्रापुढे आले तेव्हा त्याच्या कर्त्यांनी काय केले ते आता पाहू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क आणि एरिक श्मिट या दोघांनी १९७५ साली ‘लेक्स’ नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. (हेच श्मिट पुढे गूगल कंपनीचे प्रमुख झाले.) या साधनास पदांचे नमुने नियमरूपाने सांगावयाचे आणि त्यावरून ते पदे तोडणारा लेक्सर आपोआप तयार करून देते. नियमांत झगडा झाला तर काय करावे याविषयी त्यात दोन वाक्यांत मावेल इतका साधा निर्णय आहे. जो नियम अधिक लांब तुकडा उचलतो तो चालवावा. आणि दोघांनीही सारख्याच लांबीचा तुकडा उचलला तर यादीत जो अगोदर लिहिला असेल तो चालवावा.

हा निर्णय मराठी वेशात पाहिला म्हणजे चटकन समजेल. समजा, एका यंत्रभाषेत ‘जर’ हा राखीव शब्द आहे, आणि त्याखेरीज लिहिणाऱ्याने वस्तूंस आपल्या पसंतीची कोणतीही नावे द्यावीत अशी मोकळीक आहे. आता ओळीत ‘जरतार’ असे नाव आले. राखीव शब्दाचा नियम म्हणतो, ‘जर’ माझा आहे. नावाचा नियम म्हणतो, ‘जरतार’ संपूर्ण माझे आहे. दुसरा तुकडा लांब, म्हणून तो जिंकतो. आणि हा निकाल कोणासही रास्तच वाटेल. परंतु ओळीत नुसते ‘जर’ आले तर ते नाव म्हणूनही चालण्याजोगे आहे. लांबी सारखी, तेव्हा यादीत राखीव शब्दाचा नियम वर लिहिला असेल तर तो जिंकतो, आणि लिहिणारा विसरून तो खाली लिहील तर ‘जर’ हा राखीव शब्द त्या भाषेत कधी ओळखलाच जाणार नाही.

या निर्णयाचे खरे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. लांब तुकडा सत्याच्या अधिक जवळ असतो, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. यंत्रास अर्थ कळत नाही, परंतु त्यास थांबून राहताही येत नाही. म्हणून कोठेतरी एक निकाल बांधून दिला, इतकेच. त्याचा मोठा गुण असा की तो प्रत्येक वेळी सारखाच लागतो. चुकला तरी सारखाच चुकतो. ‘सी’ नावाच्या भाषेत दोन नावांच्या मध्ये तीन अधिकचिन्हे लागोपाठ लिहिली, तर पहिली दोन एकत्र धरून तिसरे निराळे करावयाचे, हे याच नियमाने ठरलेले आहे. लिहिणाऱ्याच्या मनात उलटे असले तरी यंत्र ऐकत नाही. ‘सी प्लस प्लस’ भाषेत तर यापुढचा प्रकार झाला. तेथे एकात एक असे दोन कंस मिटताना ‘पेक्षा मोठे’ ही खूण दोनदा लागोपाठ येई, आणि लांब तुकड्याचा नियम त्या दोहोंचे मिळून एक भलतेच पद करी. म्हणून वर्षानुवर्षे लोक त्या दोन खुणांमध्ये मुद्दाम जागा सोडीत असत. शेवटी २०११ च्या प्रमाणग्रंथात त्या एका ठिकाणापुरता अपवाद केला गेला. मनुष्याने नियमाची समजूत काढीत जागा सोडावी, आणि पुष्कळ काळाने नियमाने मनुष्यापुढे मान लवावी, हे आमच्या मते भाषेच्या इतिहासात वारंवार घडत आले आहे.

जागा सोडण्यासच ज्या भाषेत किंमत नव्हती तिची कथा मोडी वाचणाऱ्यांस विशेष जवळची वाटेल. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या हाताखाली तयार झालेली ‘फोरट्रान’ भाषा १९५७ साली बाहेर पडली. तिच्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागा यंत्र जमेस धरीतच नसे. आपल्या मोडीप्रमाणे सारी ओळ अखंड. ‘डू’ हा शब्द, मग दहा हा अंक, मग ‘आय’ हे अक्षर, मग बरोबरीची खूण, मग एक, स्वल्पविराम, दहा, असे लिहिले तर अर्थ होई: दहाव्या खुणेपर्यंतचा मजकूर एकपासून दहापर्यंत फिरून फिरून कर. आता त्या स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडले, तर यंत्र ‘डू१०आय’ हे सबंध एक नाव समजून त्यास एक दशांश दहा ही किंमत देऊन मोकळे होई. तक्रार नाही, हरकत नाही. म्हणजे पहिला ‘डू’ राखीव शब्द आहे की नावाचा तुकडा आहे, हे ओळीच्या अखेरीचा स्वल्पविराम पाहिल्यावाचून ठरतच नसे. लांब तुकड्याचा साधा नियम येथे पांगळा पडला. पुढे डोकावून मग मागे निकाल द्यावा लागला. ‘लेक्स’ साधनातही अशी पुढे डोकावण्याची सोय ठेवावी लागली ती याचकरिता. १९६२ साली शुक्राकडे निघालेले ‘मरिनर’ यान या टिंबामुळे बुडाले अशी एक कथा सांगतात, परंतु ती खरी नव्हे. तेथील दोष, इतिहासकार सांगतात त्याप्रमाणे, समीकरणाची नक्कल करताना एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ गळल्याचा होता. शिरोरेषेच्या देशात राहणाऱ्या आम्हांस ही खरी हकीकत त्या खोट्या कथेपेक्षा अधिक रोचक वाटते.

आता हे यंत्राचे शास्त्र घेऊन राणीसावरगावास परत जाऊ. डावीकडून वाचू लागलेल्या यंत्राच्या कोशात ‘राणी’ आणि ‘सावरगाव’ एवढे असले तर ते गाव बरोबर सापडेल. परंतु कोणी उत्साही मनुष्याने कोशात ‘राणीसा’ हा एक शब्द वाढविला की त्याच क्षणी लांब तुकड्याचा नियम ‘राणीसा’ उचलील, मागे ‘वरगाव’ उरेल, आणि परभणी जिल्ह्यातील एक गाव कागदावरून नाहीसे होईल. उलट, ‘राणीसावरगाव’ हे सबंध नाव कोशात असेल तर तोच नियम ते अखंड उचलील आणि कोणतीही अडचण पडणार नाही. यावरून असे दिसते की नियमाचा भलेपणा नियमात नसून कोशात आहे, आणि कोशाचा भलेपणा तो करणाऱ्यास गंगाखेडच्या आसपासची खेडी ठाऊक आहेत की नाहीत यावर आहे. मात्र ‘नाहीतर’च्या बाबतीत हा उपायही चालत नाही. तेथे ‘नाही’, ‘तर’ आणि ‘नाहीतर’ हे तिन्ही शब्द प्रत्येक कोशात असावयाचेच. तेथे पुढचेमागचे वाक्य, त्या सालची वसुलीची फर्द, त्या कारकुनाची लिहिण्याची धाटणी, हे सर्व पाहावे लागते.

नियमांच्या झगड्याचा विचार आपल्याकडे किती जुना आहे, हे संस्कृत शिकलेल्या वाचकांस सांगणे नको. पाणिनीने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दुसरेच सूत्र या कामी खर्चिले आहे. दोन नियम एकाच ठिकाणी आले असता परंपरेने त्याचा अर्थ असा केला की, ग्रंथात नंतर आलेला नियम चालवावा. लेक्समध्ये अगोदरचा श्रेष्ठ, पाणिनीत नंतरचा श्रेष्ठ. हा विरोध पाहून हसू येते. परंतु थोडा विचार केला म्हणजे दोन्हींतील हेतू एकच दिसतो. यंत्रभाषेत राखीव शब्द हा नावाच्या सामान्य नियमाचा अपवाद आहे आणि तो वर लिहून कर्ते त्यास बळ देतात. वैयाकरण त्यासच उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात, आणि अपवादास बळ त्याच्या जागेने न देता त्याच्या स्वरूपाने देतात. या दोहोंत वैयाकरणांची रीत आम्हांस अधिक विचारी वाटते. अठराव्या शतकात काशीत राहिलेले नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय पंडित ‘परिभाषेंदुशेखर’ लिहून बसले, त्यात नियमांच्या बळाबळाची एक चढती परंपराच दिलेली आहे: नंतरच्यापेक्षा नित्य बलवान, नित्यापेक्षा अंतरंग, आणि सर्वांहून अपवाद. हा ग्रंथ युरोपीय विद्वानांस उपलब्ध करून दिला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी. त्यांची आवृत्ती व भाषांतर १८६८ ते १८७४ च्या दरम्यान निघाले. २०२२ साली केंब्रिज येथे ऋषी राजपोपट यांनी आपल्या प्रबंधात पाणिनीच्या त्या सूत्राचा निराळाच अर्थ मांडला: ‘नंतरचा’ म्हणजे ग्रंथात नंतर आलेला नव्हे, तर शब्दाच्या उजव्या अंगास लागणारा नियम. त्यावर विद्वानांनी आक्षेपही घेतले आहेत. आम्ही त्या वादात पंच होण्याचा अधिकार सांगत नाही. परंतु झगडा मिटविण्यासाठी केलेल्या सूत्राच्याच दोन अर्थांत अडीच हजार वर्षांनी झगडा लागावा, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

मात्र पदच्छेदाच्या बाबतीत आमचे खरे गुरू पाणिनी नव्हेत. ते शाकल्य आणि यास्क होत. ऋग्वेदाच्या संहितेत पदे संधीने एकमेकांत मिसळलेली आहेत. शाकल्याने ती सर्व सुटी करून पदपाठ रचला. अखंड ओळ तोडण्याचा इतका मोठा आणि इतका सावध उद्योग जगात दुसरा कोणी इतक्या प्राचीन काळी केला असेल असे आम्हांस वाटत नाही. तरीही त्यात एके ठिकाणी यास्काने बोट ठेवले आहे. दहाव्या मंडलाच्या एकोणतिसाव्या सूक्ताच्या आरंभीच ‘वायो’ अशी अक्षरे येतात. शाकल्याने तेथे ‘वा’ आणि ‘यः’ अशी दोन पदे केली. यास्क निरुक्तात म्हणतो की, हे ‘वायः’ असे एकच पद आहे आणि त्याचा अर्थ पक्ष्याचे पिलू असा आहे. येथपर्यंत हा केवळ मतभेद झाला. परंतु यास्काने दिलेले कारण पाहण्यासारखे आहे. ‘यः’ हे संबंधी सर्वनाम तेथे असते, तर त्या वाक्यातील क्रियापदावर उदात्त स्वर पडला असता. तो पडलेला नाही, आणि शिवाय अर्थही अपुरा राहतो. म्हणजे ओळीत पुढे असलेल्या क्रियापदाचा स्वर पाहून त्याने मागच्या अक्षरांचा निकाल दिला. फोरट्रानचा स्वल्पविराम आणि वेदातील क्रियापदाचा स्वर यांचे काम एकाच जातीचे आहे. आणि यास्क लांब तुकडा घेतो तो लांब म्हणून नव्हे. दोन पदांऐवजी एक पद घ्यावयाचे तर त्यास पुरावा लागतो, आणि तो पुरावा त्याने दाखविला आहे.

यास्कास हा आक्षेप घेता आला, याचे कारण बहुतेक वाचक दृष्टीआड करितात. शाकल्याचा पदपाठ झाल्यावरही संहितापाठ जिवंत राहिला. पढणाऱ्यांनी दोन्ही मुखोद्गत केले. पदपाठ हे संहितेविषयीचे एक मत आहे, प्रत्यक्ष संहिता नव्हे, याची जाणीव परंपरेने कधी सोडली नाही. अखंड ओळ शेजारी उभी होती म्हणूनच तोडलेली ओळ तपासता आली.

आमच्या मराठी कागदांचे तसे झाले नाही. पदांमध्ये जागा सोडण्याची शिस्त आपणांस मुख्यत्वे छापखान्याने लावली. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली निघाले. मेजर कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली लिहिली. तेव्हापासून स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी आपल्या वाक्यांत येऊन बसली. पुढे १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि मोडी कागद बाळबोधीत छापून निघण्याचा ओघ सुरू झाला. या पुरुषांनी उपाशीतापाशी खेडोपाडी हिंडून जे जमविले त्याचे ऋण फेडणे शक्य नाही. त्यांच्या कामात दोष काढण्याची आमची योग्यता नाही आणि इच्छाही नाही. परंतु छापताना ओळ तोडली गेली, आणि ती कोठे तोडली याची वेगळी खूण सहसा राहिली नाही. शाकल्याचे पद आले, संहिता रुमालात राहिली. ज्या कागदाचे मूळ पुढे वाळवीच्या किंवा पावसाच्या स्वाधीन झाले, त्याच्या बाबतीत संपादकाचा पदच्छेद हाच पुरावा होऊन बसला. छापील पानावरील कोरी जागा ही संपादकाने लिहिलेली असते, हे आम्हांस स्वतःलाही पुष्कळ उशिरा उमगले. कित्येक वर्षे आम्ही विद्यार्थ्यांस छापील खंडांतील वाक्ये मूळ म्हणून सांगत आलो.

मराठवाड्यात या गोष्टीस आणखी एक पदर आहे. परभणीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या राज्यात फारसीची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात उर्दूने घेतली. त्यामुळे एकाच गावचे कागद काही मोडीत, काही उर्दूत असे सापडतात. आता उर्दू लिपीची अडचण मोडीच्या नेमकी उलट आहे. तिच्यात अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरे पुढच्या अक्षरास जोडून घेत नाहीत. शब्दाच्या पोटातच ठिकठिकाणी फट पडते. आमचे राणीसावरगाव उर्दूत लिहिले की आरंभीचा ‘रे’ एकटा उभा राहतो, त्यापुढचा अलिफ एकटा, मग ‘नी’ जोडीने, मग ‘सा’, मग वाव एकटा, पुन्हा ‘रे’ एकटा, आणि मग ‘गा’ व त्यापुढील अक्षरे. मोडीच्या कारकुनाने सर्व एका रेषेखाली बांधून टाकले. उर्दूच्या मुन्शीच्या हाती तेच नाव लहान लहान तुकड्यांत विखुरले. एका कागदात फट नाही म्हणून चुकावे, दुसऱ्यात फटी फार म्हणून चुकावे! दोन्ही कागद एकत्र वाचणारा मात्र एकाने दुसऱ्यास सुधारू शकतो, आणि अशी संधी पुण्याच्या दप्तरापेक्षा मराठवाड्याच्या दप्तरात अधिक आहे, हे तेथील तरुण अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

हा विषय केवळ पंडितांचा राहिलेला नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निजामकालीन कागदांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मराठवाड्यातील तहसिलांच्या कपाटांतून मोडी व उर्दू कागद बाहेर निघू लागले. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु ज्या नोंदीवर एखाद्या मुलाचे प्रमाणपत्र अवलंबून आहे त्या नोंदीत कारकुनाने नुसते ‘कु’ लिहून सोडले असेल, तर ते कुणबी की कुंभार, हे सांगणाऱ्याने कशाच्या आधारे सांगितले, ते त्याने लिहून ठेवले पाहिजे, इतके म्हणण्यास राजकारण लागत नाही.

आणि आता या कामावर यंत्रेच येऊ घातली आहेत. मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी लेखाच्या छायाचित्रावरून बाळबोध मजकूर उतरविणारी यंत्रपद्धती प्रसिद्ध केली. आम्ही या उद्योगाचे मनःपूर्वक स्वागत करितो. दप्तरखान्यांत जे पडून आहे ते वाचावयास मनुष्यांचे हात पुरणार नाहीत, हे उघड आहे. परंतु ही नवी यंत्रे लेक्ससारखी दोन वाक्यांत सांगता येणाऱ्या नियमावर चालत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या अगणित नमुन्यांवरून जे अधिक संभवनीय ते ती उचलतात. लेक्सर चुकला तर का चुकला हे बोट ठेवून दाखविता येते. येथे तेही कठीण. जो पदच्छेद नमुन्यांत पुष्कळदा आला तोच पुन्हा पुन्हा येणार, आणि ज्या गावाचे नाव नमुन्यांत कधीच आले नाही त्याचे पारडे हलके राहणार.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, यंत्राने उतरविलेल्या प्रत्येक कागदाच्या तीन ओळी ठेवाव्यात. वर मूळ कागदाचे छायाचित्र. त्याखाली बाळबोध अक्षरांत, मध्ये एकही जागा न सोडता, जशी आहे तशी अखंड ओळ. आणि तिच्याखाली पदच्छेद, तो कोणी किंवा कशाने केला याच्या नोंदीसह. जेथे दोन छेद संभवतात तेथे दोन्ही द्यावेत. यास खर्च फारसा नाही. कागदही लागत नाही. तसे झाले तर पुढे कोणी गंगाखेडचा मुलगा ती तिसरी ओळ वाचताना ‘राणीसा’ आणि ‘वरगाव’ यांपाशी अडखळेल, नजर वरच्या ओळीवर नेईल, आणि त्यास आपले गाव तेथे अखंड दिसेल.